हिशेबी हुकूमशहा

पोर्तुगालमध्ये १९३७ पासून १९७० पर्यंत सिगारेटचा लायटर वापरायचा तर सरकारी परवाना काढावा लागे. देशी काडेपेटीचा धंदा आणि त्यावर मिळणारा कर बुडू नये, एवढ्यासाठी हा कायदा. परवाना ज्याच्या नावाचा, त्यानेच तो लायटर पेटवायचा. विनापरवाना सापडलात तर दंड, आणि त्या दंडातला काही वाटा पकडून देणाऱ्याला. कॉफी प्यायला बसलेल्या माणसाने सिगारेट शिलगावण्याआधी शेजारच्या टेबलावर कोण आहे हे बघून घ्यावे, अशी ही सोय होती.

फॅसिस्ट राजवट म्हटली की आपल्याला सज्जातून गरजणारा मुसोलिनी आठवतो, मशाली आठवतात, लाखोंचा जमाव आठवतो. आंतोनियु द ऑलिव्हेइरा सालाझार याच्या पोर्तुगालमध्ये यातले फारसे काही नव्हते. त्याचा आवाज बारीक होता, गर्दीचे त्याला वावडे होते, गणवेश त्याने कधी चढवला नाही. त्याची सत्ता परवाने, शिक्के, खबरे आणि जमाखर्चाच्या वह्या यांवर चालली. तरीही हिटलर आणि मुसोलिनी संपल्यावर आणखी जवळपास तीस वर्षे ती टिकली. १९२६ ते १९७४ अशी अठ्ठेचाळीस वर्षे. त्यातली पस्तीस वर्षे गोवाही तिच्याच अमलाखाली होता. मराठी वाचकाला सालाझार हे नाव परके नाही ते त्यामुळेच. पण गोव्याच्या बाहेर हा माणूस काय होता, कसा वर आला आणि त्याचे राज्य कशाने कोसळले, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

पोर्तुगालने १९१० मध्ये राजा घालवला आणि प्रजासत्ताक आणले. पुढच्या सोळा वर्षांत तिथे पंचेचाळीस सरकारे आली आणि गेली. मधे पहिल्या महायुद्धात उडी घेतली, कर्ज झाले, चलन घसरले, पगार पुरेनासे झाले. २८ मे १९२६ रोजी उत्तरेकडच्या ब्रागा शहरातून जनरल गोमिश द कोश्ता सैन्य घेऊन निघाला, तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला कोणी फारसे रस्त्यावर उतरले नाही. रोजच्या सरकारबदलाला लोक विटले होते. सेनापतींना सत्ता मिळाली खरी, पण तिजोरी रिकामी होती आणि ती कशी भरायची हे त्यांच्यातल्या एकालाही कळत नव्हते.

म्हणून त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला बोलावणे धाडले. सालाझारचा जन्म १८८९ चा, विमिएइरु नावाच्या खेड्यातला. आईबाप साधे शेतकरी वर्गातले. पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकला, मग कायदा आणि अर्थशास्त्राकडे वळला. १९२६ मध्ये तो अर्थमंत्री म्हणून आला आणि मनासारखे अधिकार मिळेनात म्हणून थोड्याच दिवसांत कोइंब्राला परत गेला. १९२८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बोलावले तेव्हा त्याने अट घातली : कुठल्याही खात्याचा कुठलाही खर्च माझ्या संमतीशिवाय होणार नाही. सेनापतींनी मान डोलावली. माझ्या मते पोर्तुगालमधली खरी सत्तापालट त्या दिवशी झाली. मुसोलिनीला निदान रोमवर चाल करून जाण्याचे नाटक तरी करावे लागले (तो स्वतः गेला रेल्वेच्या शयनयानातून, हा भाग वेगळा). सालाझारला ते नाटकही करावे लागले नाही. पैसा कुठे खर्च व्हायचा हे ठरवणाऱ्याच्या हाती बाकीचे सगळे आपोआप येत गेले.

वर्षभरात त्याने अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली. कर वाढवले, खर्चाला कात्री लावली, आणि थकलेल्या देशाला हा चमत्कार वाटला. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ मध्ये नवी राज्यघटना आली. तिच्यावर सार्वमत घेतले, आणि जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मते 'होय' म्हणून मोजली. घरी बसणाऱ्याचाही पाठिंबा जमेस धरणारा हा हिशेब त्याच्या एकंदर स्वभावाला धरून होता. या नव्या व्यवस्थेचे नाव 'एस्तादो नोव्हु', म्हणजे नवे राज्य. पक्ष एकच. संप बेकायदा. कामगारांचा कायदा मुसोलिनीच्या कामगार सनदेवरून बेतलेला. १९३४ च्या जानेवारीत मारिन्या ग्रांद या गावच्या काचकामगारांनी उठाव करून पाहिला, तो लगेच मोडून काढण्यात आला.

१९३६ हे या राजवटीचे सर्वांत फॅसिस्ट वर्ष. शेजारी स्पेनमध्ये यादवी पेटली होती, आणि सालाझारने फ्रँकोची बाजू घेतली. त्याच वर्षी शाळकरी मुलांची 'मोसिदाद पोर्तुगेझा' ही संघटना निघाली. हिरवे शर्ट, हात ताठ पुढे करून सलाम, आणि कमरपट्ट्याच्या बकलावर एक ठसठशीत 'एस' अक्षर. अधिकृत खुलासा असा की हे अक्षर 'सेवा करणे' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचे. ते कोणाचे, हे पोरांनाही कळत होते. त्याच वर्षी शिक्षिकांसाठी फर्मान निघाले : लग्न करायचे तर शिक्षणमंत्र्यांची परवानगी घ्यायची, आणि नियोजित नवऱ्याचे चालचलन चांगले आणि मिळकत शिक्षिकेच्या पगाराला शोभेल इतकी आहे, हे दाखवून द्यायचे. आणि त्याच वर्षी आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांवर ताराफालची छळछावणी उघडली. तिथे सिमेंटची एक बिनखिडकीची खोली होती, कैदी तिला 'तवा' म्हणत. उन्हात तापलेल्या त्या खोलीत माणसाला दिवसचे दिवस कोंडून ठेवत. तीसहून अधिक कैदी ताराफालमध्ये मेले, बहुतेक हिवतापाने आणि औषधावाचून.

सालाझारच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणावे की नुसती सनातनी हुकूमशाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याच्याकडे लढाऊ जनआंदोलन नव्हते हे खरे. उलट निळे शर्ट घालणाऱ्या कडव्या देशी फॅसिस्टांच्या संघटनेवर त्यानेच १९३४ मध्ये बंदी घातली, कारण त्यांचा गोंगाट त्याला खपत नव्हता. मला हा वाद अभ्यासकांपुरता रास्त वाटतो. पण एकच पक्ष, गुप्त पोलीस, छळछावणी, सेन्सॉर, मुलांना गणवेश आणि नेत्याचे नाव देवाच्या बरोबरीने, एवढे सगळे एका ठिकाणी जमल्यावर त्याला दुसरे नाव शोधत बसण्याची हौस मला नाही.

गुप्त पोलिसांचे नाव दोनदा बदलले, जनमानसात राहिले ते 'पिडे'. त्यांची मुख्य ताकद मारहाणीत नव्हती, ती खबऱ्यांत होती. कोण खबऱ्या आहे हे माहीत नसल्याने सगळ्यांविषयीच संशय. पोलीस कैद्याला अनेक रात्री झोपू देत नसत. भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास उभे करत. बाहेर वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरे. देशात आत्महत्या, दारिद्र्य, रोगराई यांच्या बातम्याही कापल्या जात, कारण नव्या राज्यात असे काही घडते हे छापणे म्हणजे सरकारवर टीकाच.

हे सगळे ज्याच्या नावाने चाले, तो माणूस मात्र स्वतः वर्षानुवर्षे त्याच काटकसरीने राहिला. लग्न केले नाही. दोना मारिया नावाची त्याची घरकाम पाहणारी बाई पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या आवारात कोंबड्या पाळी आणि अंडी विकी. परदेशप्रवास जवळजवळ नाही. ज्या साम्राज्याला तो पोर्तुगालचा प्राण म्हणत असे, त्यातली एकही वसाहत त्याने आयुष्यात पाहिली नाही. अंगोला नाही, मोझांबिक नाही, गोवाही नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ राहिला आणि तोफगोळ्यांसाठी लागणारे टंगस्टन दोन्ही बाजूंना विकून सोने साठवले. जर्मनी हरणार असे दिसू लागताच १९४३ मध्ये अझोरेस बेटांवरचे तळ ब्रिटिशांना दिले. तरीही हिटलर मेल्यावर पोर्तुगालमध्ये झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले. १९४९ मध्ये लोकशाहीच्या रक्षणासाठी नाटो स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत पोर्तुगाल होता. अमेरिकेला अझोरेसचे विमानतळ हवे होते. ताराफालची छावणी त्या वेळी चालूच होती.

गोव्यात या राजवटीची तऱ्हा जरा निराळी होती. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकर उघडउघड दुय्यम ठरला. सभा घ्यायला बंदी, छापायला सेन्सॉर. लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागे, असे गोव्यातली जुनी माणसे सांगत. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तो कायदेभंग या बंदीविरुद्ध होता. त्यानंतर गोव्यातले नेते टी. बी. कुन्हा यांना पकडून थेट पोर्तुगालला नेले आणि लिस्बनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचे लोकही तिथेच कोंडले जात. १९५१ मध्ये सालाझारने एक युक्ती केली. 'वसाहत' हा शब्द कायद्यातून काढला आणि 'सागरपार प्रांत' असा शब्द घातला. आता आमच्याकडे वसाहती नाहीतच, मग सोडायच्या कशा, असे संयुक्त राष्ट्रसंघात सांगायला तो मोकळा झाला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना सांगलीकडचे मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. स्वतंत्र गोव्याचा एक स्वातंत्र्यसैनिक सात वर्षे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत मावलेली नाही.

डिसेंबर १९६१ कडे मी थोडे थांबून पाहतो, कारण माझ्या समजुतीने राजवट आतून चिरली ती इथे. आधीचे सगळे वर्षच वाईट गेले होते. फेब्रुवारीत अंगोलात बंड पेटले, एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्र्याने सालाझारला हटवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. गोव्यात पोर्तुगीज सैन्य साडेतीन हजारांच्या आसपास होते, समोर भारताचे चाळीस हजारांहून अधिक. सालाझारने १३७३ च्या तहाची आठवण देऊन ब्रिटनकडे मदत मागितली. ब्रिटनने नकार दिला. मग १४ डिसेंबरला त्याने गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा याला तार केली : शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत. आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील, नाहीतर मरतील. लिस्बनमधल्या टेबलाशी बसून मांडलेला हिशेब असा होता की हजारो पोर्तुगीज मेले तर जग हळहळेल आणि साम्राज्याची अब्रू राहील.

व्हासालु इ सिल्व्हाने तो हुकूम पाळला नाही. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य आत आले, १९ च्या संध्याकाळी त्याने शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून साधारण पन्नास सैनिक मेले. हजारो वाचले. त्याचे बक्षीस त्यांना मायदेशी मिळाले. मे १९६२ मध्ये सुटून लिस्बनला उतरलेल्या या सैनिकांना गुन्हेगारांसारखी वागणूक मिळाली, आणि पुढच्या वर्षी व्हासालु इ सिल्व्हासह अनेक अधिकाऱ्यांना लष्करातून काढून टाकले. प्रत्येक तरुण अधिकाऱ्याच्या मनात ती गोष्ट राहिली : राज्यकर्ते हट्टाने हरणारे युद्ध लढायला लावतील आणि हरल्यावर खापर आपल्या डोक्यावर फोडतील.

अशी युद्धे आता तीन होती. अंगोलापाठोपाठ १९६३ मध्ये गिनी, १९६४ मध्ये मोझांबिक. जेमतेम नव्वद लाखांच्या देशातून आठ लाखांहून अधिक तरुण आफ्रिकेत जाऊन आले. सक्तीची नोकरी चार-चार वर्षांपर्यंत जाई. सरकारी खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा युद्धे गिळत होती. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने हा एक खर्च मात्र कधी तपासला नाही. तिजोरीत साडेआठशे टनांहून अधिक सोने होते, आणि १९७० मध्येही देशातल्या दर चार माणसांतल्या एकाला लिहितावाचता येत नव्हते.

लोकांनी आपल्या पायांनी उत्तर दिले. दहा लाखांहून अधिक पोर्तुगीज देश सोडून गेले, बरेचसे चोरवाटेने, डोंगर ओलांडून फ्रान्सला. यात एक व्यवहार ठरलेला असे. निघणारा माणूस आपला फोटो मधोमध फाडी. अर्धा घरी ठेवी, अर्धा बरोबर नेई. फ्रान्सला सुखरूप पोचला की आपल्याजवळचा अर्धा तुकडा परत पाठवी. दोन्ही तुकडे जुळले की घरचे लोक वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करत. पॅरिसभोवतालच्या झोपडपट्ट्यांत चिखलात राहणारे हे लोक घरी पैसे पाठवत, आणि त्या पैशांवर सालाझारचा ताळेबंद आणखी छान दिसे.

निवडणुकीची एकच खरी भीती त्याला वाटली, ती १९५८ मध्ये. जनरल उंबेर्तु देलगादु अध्यक्षपदाला उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचे काय कराल, असे पत्रकाराने विचारल्यावर तो म्हणाला, अर्थातच काढून टाकीन. मोजणी सरकारच्या हातात असूनही त्याला जवळपास चौथाई मते द्यावी लागली. सालाझारने अध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. १९६५ मध्ये पिडेने देलगादुला फसवून स्पेनच्या सरहद्दीजवळ बोलावले आणि ठार मारले.

सालाझारचा स्वतःचा शेवट मात्र कोणी बंडखोराने केला नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये समुद्रकाठच्या विश्रामगृहात तो कापडी खुर्चीवर बसायला गेला, खुर्ची निसटली आणि डोके फरशीवर आपटले. महिनाभर त्याने गोष्ट दाबून ठेवली. मग मेंदूची शस्त्रक्रिया, त्यानंतर पक्षाघात. २७ सप्टेंबरला अध्यक्षाने मार्सेलु कायतानु याला पंतप्रधान नेमले. पण सालाझार मेला नव्हता. तो शुद्धीवर आला, आणि तुम्ही आता पंतप्रधान नाही हे त्याला सांगायची कोणाची छाती होईना. मंत्री भेटायला येत, राज्यकारभाराचे बोलत. १९६९ मध्ये एका फ्रेंच पत्रकाराला त्याने मुलाखत दिली, आपणच देश चालवतो आहोत अशा थाटात. २७ जुलै १९७० ला मरेपर्यंत हे नाटक चालले. ज्याने चाळीस वर्षे साऱ्या देशाला सेन्सॉर केलेल्या बातम्या वाचायला लावल्या, त्याची अखेरची दोन वर्षे अशी गेली, याची मला दया येत नाही.

कायतानुने थोडी सैल दोरी दिली. पिडेचे नाव बदलले, काही कैदी सोडले, रानडे सुटले ते त्याच हवेत. पण युद्ध सोडायची त्याची हिंमत नव्हती. गिनीमध्ये तर पराभव समोर दिसत होता. अतिरेक्यांशी बोलणी करण्यापेक्षा सन्मानाने हरणे बरे, असे कायतानुने आपल्याला सांगितल्याचे तिथला गव्हर्नर जनरल स्पिनोला याने पुढे सांगितले. म्हणजे गोव्याची तार पुन्हा एकदा. लष्करातल्या कॅप्टनांना दुसरे काही ऐकायचे उरले नव्हते. त्यातच १९७३ च्या जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून सक्तीभरतीच्या अधिकाऱ्यांना झटपट बढतीची वाट खुली केली. आधी पगार आणि ज्येष्ठता यांचे गाऱ्हाणे घेऊन कॅप्टन एकत्र जमले. पाच-सहा महिन्यांत गाऱ्हाणे बाजूला पडले आणि राजवट उलथवण्याचा बेत ठरला.

२५ एप्रिल १९७४. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रेडिओवर झुझे अफोन्सुचे 'ग्रांदुला, व्हिला मुरेना' हे गाणे लागले, ती खूण होती. सांतारेंच्या घोडदळ शाळेतून एकोणतीस वर्षांचा कॅप्टन सालगैरु माया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनला निघाला. सकाळी नदीकाठच्या चौकात सरकारचे रणगाडे समोर आले. ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला. रणगाड्यातल्या कॉर्पोरलने झाकण आतून लावून घेतले आणि बाहेरच आला नाही. बाकीच्यांनीही हात आखडले. घरी राहा, असे रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगूनही लोक हजारोंनी रस्त्यावर आले. एका उपाहारगृहात काम करणारी सेलेस्त काएइरु त्या दिवशी कामावर गेली तर मालकाने बंडामुळे हॉटेल बंद ठेवलेले. वर्धापनदिनासाठी आणलेली कार्नेशनची फुले त्याने कामगारांना वाटून टाकली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. संध्याकाळपर्यंत कार्मु बराकीत अडकलेला कायतानु शरण आला, तोही 'सत्ता रस्त्यावर पडू नये' म्हणून जनरल स्पिनोलाच्याच हाती देईन, या अटीवर. त्या दिवशी माणसे मारली ती पिडेने. आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, चौघे मेले.

पुढचे सगळे गोड नाही. आफ्रिकेतून घाईघाईने निघताना अंगोला यादवीत लोटले गेले, पाच लाखांच्या आसपास पोर्तुगीज हातात पेट्या घेऊन मायदेशी परतले. पण बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदार आले. त्याआधी ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली भारताचे असल्याचे करारावर मान्य केले. तोवर लिस्बनच्या कागदांवर गोवा पोर्तुगालचाच होता. त्यांच्या बाजूने सही होती मारियो सोआरेसची, ज्याला सालाझारने तुरुंगात आणि हद्दपारीत धाडले होते. आपल्या बाजूने सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. गोवा मुक्त झाला तेव्हा ते शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

२००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने सर्वांत थोर पोर्तुगीज कोण यासाठी प्रेक्षकांची मते मागवली. सालाझार ४१ टक्के मतांनी पहिला आला. फोन करणाऱ्यांची ती मोजणी, देशाचा कौल नव्हे, असे अनेकांनी लगेच सांगितले आणि ते खरेही आहे. दुसरा आला आल्व्हारु कुन्याल, सालाझारच्या तुरुंगात अकरा वर्षे काढून १९६० मध्ये पेनिशच्या किल्ल्याच्या भिंतीवरून पळालेला कम्युनिस्ट नेता. तिसरा आरिश्तिदिश द सौझा मेंदिश. १९४० मध्ये बोर्दोमध्ये पोर्तुगालचा वाणिज्यदूत असताना सालाझारचा हुकूम मोडून त्याने हजारो निर्वासितांना, ज्यूंनाही, व्हिसा दिले. सालाझारने त्याला नोकरीतून दूर केले, आणि तो कंगाल अवस्थेत मेला.